वाचक विचारतात : रग्बी, खाकी आणि कादंबरी

मागच्या अंकात एका परदेशी महिलेची ओळख छापली होती. देशाच्या संघातून रग्बी खेळली, पुढे पोलिसात भरती झाली आणि नंतर गुन्हेकथा लिहू लागली, अशी ती ओळख. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता: ‘आमच्या पोरीला हे जमेल का?’ खेळ, भरती आणि लेखन या तिन्ही बाजूंच्या जाणकारांकडून उत्तरं घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

माझी मुलगी तालमीत कुस्ती खेळते. शाळेतले सर म्हणतात, ‘रग्बीला घाला, पट काढणाऱ्या पोरीला टॅकल शिकवावाच लागत नाही.’ खरं आहे का? – एक पालक, कागल

अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात मान मोडायची भीती आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कुस्तीतला पट म्हणजे खाली वाकून प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून पाडणं, आणि रग्बीतला टॅकल म्हणजे चेंडू घेऊन धावणारीला विळखा घालून पाडणं.

पट काढणाऱ्या मुलीला तीन गोष्टी आयत्या मिळालेल्या असतात: गुडघ्यात वाकून खाली जाणं, समोरच्याच्या डोळ्यांऐवजी कमरेकडे बघणं आणि अंगाला अंग भिडलं की न बिचकणं. नव्या मुलींना हे शिकायला महिने लागतात. गडबड पुढे आहे. कुस्तीत एकेरी पट काढताना डोकं आतल्या बाजूला, प्रतिस्पर्ध्याच्या बरगडीला लावतात. रग्बीत समोरची मुलगी उभी नसते, धावत येत असते. डोकं तिच्या पुढे किंवा पोटासमोर गेलं तर तिचा गुडघा किंवा मांडी थेट कानशिलावर बसते. म्हणून नियम एकच: डोकं तिच्या मागे, गाल तिच्या पार्श्वभागाला चिकटलेला. ती तुमच्या उजव्या बाजूने निसटत असेल तर उजवा खांदा तिच्या मांडीला भिडवायचा, म्हणजे डोकं आपोआप मागे राहतं. ज्या बाजूचा खांदा, त्याच बाजूचं पाऊल तिच्या जवळ टाकायचं. पाऊल लांब पडलं की मुलगी हवेत झेपावते, खांदा लागत नाही आणि नुसते हात घसरत जातात.

दुसरा फरक सवयीचा. कुस्तीत पाठ लागेपर्यंत पकड सोडायची नसते. रग्बीत समोरची पडली की लगेच सोडायचं आणि बाजूला लोळायचं. पडलेलीनेही चेंडू ताबडतोब ठेवायचा किंवा द्यायचा. तालमीतली मुलगी सुरुवातीच्या सामन्यांत हमखास पकडून ठेवते आणि प्रतिस्पर्ध्यांना पेनल्टी मिळते. तिसरं, ढाक, कलाजंग हे कुस्तीतले डाव इथे विसरायचे. उचलून डोक्यावर किंवा मानेवर आपटलं तर थेट लाल कार्डापर्यंत जातं. खांद्याच्या रेषेच्या वर पकडणं आणि हातांचा विळखा न घालता नुसता खांदा मारणं हे दोन्ही फाऊल.

सराव असा चढवत न्या. आधी दोघीही गुडघ्यांवर, एक मीटर अंतर. मग टॅकल करणारी गुडघ्यावर आणि दुसरी चालत. मग दोघी चालत. शेवटी पाच मीटर रुंद पट्ट्यात सावकाश धावत. प्रत्येक पायरीवर डावा आणि उजवा खांदा सारखाच वापरायचा. कुस्तीगीर मुलींचा एक खांदा लाडका असतो आणि नेमका दुसऱ्या खांद्याने टॅकल करायची वेळ आली की डोकं चुकीच्या बाजूला जातं. भिडायचा सराव एका दिवशी १०-१५ मिनिटांपेक्षा जास्त नको. एप्रिल-मेमध्ये टणक झालेल्या मैदानावर तर नकोच. पावसाने भिजून निथळलेलं गवत उत्तम. पडताना हनुवटी छातीला लावायची, हात टेकवायचा नाही. मनगट आणि गळपट्टीचं हाड त्यानेच जातं.

डोक्याला मार लागून मुलगी गोंधळली, झापड आली, उलटी झाली, तर त्या दिवशी ती परत मैदानात उतरत नाही. ‘बरं वाटतंय सर’ हे तिचं म्हणणं ऐकायचं नसतं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर हलकं चालणं, धावणं, चेंडूसह सराव, मग अंगाला अंग, अशा पायऱ्यांनी परत आणायचं.

सेव्हन्स म्हणजे काय? पंधरा जणींचा खेळ वेगळा का? – इचलकरंजी

मैदान तेच, जास्तीत जास्त १०० मीटर लांब आणि ७० रुंद, पण खेळाडू सात-सात. सात-सात मिनिटांचे दोन डाव. ट्रायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवण्याचे, ५ गुण, नंतरच्या किकचे २, पेनल्टी किंवा ड्रॉप गोलचे ३. सेव्हन्समध्ये ट्रायनंतरची किकही ड्रॉप किकच मारावी लागते, म्हणजे चेंडू जमिनीवर टप्पा पडून उसळतानाच मारायचा. इथल्या पेठांमधल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना ते लवकर जमतं. त्यांना जड जातं ते चेंडू हाताने फक्त मागेच द्यायचं बंधन. महिला सेव्हन्स २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. पंधरा जणींचा महिला विश्वचषक १९९१ मध्ये वेल्समध्ये सुरू झाला. भारतीय महिला संघ पंधरा जणींचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ साली सिंगापूरमध्ये खेळला आणि २०१९ मध्ये सिंगापूरच्या संघाला २१-१९ ने हरवून त्याने पहिला विजय मिळवला.

सुरुवातीला फार खर्च नको. चेंडू मोठ्या मुलींना ५ नंबरचा (लांबी २८-३० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४६० ग्रॅम), लहानांना ४ नंबरचा. फुटबॉलचे बूट चालतात. स्टड २१ मिलिमीटरपेक्षा लांब नको आणि कडा झिजून धारदार झाल्या असतील तर पंच बूट बदलायला लावतात.

माउथगार्ड दोनदा आणला, दोन्ही वेळा सैल झाला. सारखा हातात काढून ठेवावा लागतो. – एक खेळाडू, गडहिंग्लज

माउथगार्ड म्हणजे गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचं रबरी कवच. तुमचा उकळत्या पाण्यात जास्त वेळ राहिला असणार. पाणी उकळलं की आधी गॅस बंद करायचा आणि मग माउथगार्ड बुडवायचा. वेळ पाकिटावर दिलेली असते. बहुतेकांना अर्धा मिनिट किंवा त्याहून कमी पुरतो. झाऱ्याने उचला, गार पाण्यात क्षणभर बुडवा आणि आरशासमोर वरच्या दातांवर बसवा. हलकेच चावा, ओठ मिटून आतली हवा ओढून घ्या आणि गालावरून, ओठांवरून बोटांनी दाबत अर्धा मिनिट थांबा. मग गार पाणी.

जोरात चावलं की दाढांखाली रबर पातळ होतं आणि धक्का शोषायचं कामच उरत नाही. बरोबर बसलाय का ते असं तपासा: तोंड उघडं ठेवलं तरी पडू नये आणि ‘पंचगंगा’ म्हणता यावं. दातांना तार असेल तर हा प्रकार करू नका, दंतवैद्याकडून साच्याचा करून घ्या. आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका. कोल्हापूरच्या मे महिन्यात डिकी म्हणजे भट्टीच.

राज्य पातळीवर रग्बी खेळलेय. पोलीस भरतीत थेट घेतात का? – करवीर तालुका

थेट नाही. महाराष्ट्रात खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण मैदानी आणि लेखी परीक्षा इतरांसारखीच द्यावी लागते. शिवाय नुसता सहभाग पुरत नाही. पद कोणत्या गटाचं आहे त्यानुसार स्पर्धेची पातळी आणि त्यात आलेला क्रमांक बघतात. १ जुलै २०१६ चा शासन निर्णय आणि त्यानंतरच्या सुधारणा मुळातून वाचा, क्लासवाल्याच्या तोंडून ऐकू नका. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीच्या खेळांच्या यादीत रग्बी २०२० मध्ये आलं. राज्याचं आरक्षण हा वेगळा विषय आहे. दोन्हींची गल्लत बरेच जण करतात.

खरी अडचण पडताळणीत येते. प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयाकडून तपासून घ्यावं लागतं आणि ते आधीच, जाहिरात आल्यावर नाही. आधार कार्डावर ‘पाटील सुप्रिया’ आणि प्रमाणपत्रावर ‘सुप्रीया’, स्पर्धेची तारीख एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी, संघाच्या यादीत नावच नाही: अर्ज इथे अडकतात. स्पर्धा संपली की त्याच आठवड्यात संघाची यादी, निकालपत्रक आणि प्रमाणपत्राची प्रत एका फाइलला लावून ठेवा. पाच वर्षांनी संघटनेचे पदाधिकारी बदललेले असतात.

शिपाई भरतीत मुलींसाठी किमान उंची १५५ सेंटिमीटर, शिक्षण बारावी. मैदानी परीक्षा ५० गुणांची: ८०० मीटर धावणे २०, १०० मीटर १५ आणि ४ किलोचा गोळा १५. त्यात निम्मे गुण तरी हवेतच. पुढे १०० गुणांची लेखी परीक्षा, वेळ ९० मिनिटं. वयाच्या आणि इतर सवलती त्या त्या जाहिरातीत बघा. थेट पीएसआय व्हायचं असेल तर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा, आणि प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत.

रग्बीच्या मुली १०० मीटरला चमकतात आणि ८०० ला मार खातात. त्यांचं शरीर जोरात धावायचं आणि मध्येच श्वास घ्यायचा, याला सरावलेलं असतं. ८०० मध्ये मध्येच थांबायला मिळत नाही. पहिले २०० मीटर सेव्हन्ससारखे पळतात आणि तिसऱ्या २०० ला पाय शिशाचे होतात. तीन मिनिटांचं लक्ष्य असेल तर प्रत्येक २०० मीटरला ४५ सेकंद. पहिला टप्पा ४० मध्ये काढलात तर ती शाबासकीची गोष्ट नाही. आठवड्यातून दोनदा सहा वेळा २०० मीटर, मध्ये दोन मिनिटं चालणं, सगळे टप्पे सारख्याच वेळेत. गोळ्यात चूक वेगळी: चेंडू फेकायच्या सवयीने गोळा मानेपासून सुटून खांद्यामागे जातो. गोळा हनुवटीखाली मानेला टेकलेला असावा आणि तिथूनच ढकलला जावा. फेकला की फाऊल.

कादंबरी लिहितेय. एप्रिलमध्ये शिवाजी पुलाखाली बाईचं प्रेत सापडतं. इन्स्पेक्टर येतो, बघतो, ‘हा खून आहे’ म्हणतो आणि ३०२ लावतो. मैत्रीण म्हणते, हे सगळं चुकलंय. काय काय चुकलं? – राजारामपुरी

मैत्रीण बरोबर आहे. पण सुरुवात पाण्यापासून करू, कारण तिथे तुमच्या गोष्टीला आयती कलाटणी आहे.

एप्रिलमध्ये पंचगंगा वाहत नसते, साठलेली असते. पावसाळ्यानंतर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पावसाळ्याआधी काढतात. तेव्हा एप्रिलमध्ये पुलाखाली सापडलेलं प्रेत फार लांबून आलेलं नसतं, आणि तिथून पुढे गेलंच तर राजाराम बंधाऱ्याला अडकतं. जुलैमध्ये मात्र तेच प्रेत रुई, इचलकरंजी करत थेट नृसिंहवाडीच्या संगमाकडे जाऊ शकतं. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. महिना बदललात तर तपासाची हद्द, साक्षीदार, सगळं बदलतं.

आता पोलीस. ११२ वर फोन येतो किंवा कोणी घाटावरून ठाण्यात कळवतं. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद घेतो आणि बीटचा हवालदार आधी पोहोचतो, इन्स्पेक्टर नंतर. पाण्यातल्या प्रेताची पहिली नोंद बहुतेक वेळा ‘अकस्मात मृत्यू’ अशीच होते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली (पूर्वीचं १७४). त्या परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर मरणोत्तर पंचनामा होतो: कपडे, दागिने, अंगावरच्या खुणा, प्रेत कोणत्या स्थितीत होतं. तो अहवाल २४ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे जातो. प्रेत सीपीआर या सरकारी रुग्णालयात. गळ्यावर खुणा आहेत, फुप्फुसात पाणी नाही, असं डॉक्टरांनी कळवलं की मग गुन्हा दाखल होतो. नातेवाईक सापडले नसतील तर पोलीसच सरकारतर्फे फिर्याद देतात. आणि १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाला ३०२ नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. तुमची गोष्ट २०२३ मध्ये घडत असेल तर ३०२ च ठेवा. वाचक एवढं ओळखतात.

बारीक गोष्टी ज्या कादंबऱ्यांत हमखास चुकतात. मृताचे ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील करत नाहीत. आत बुरशी चढते आणि रक्ताचे डाग जातात. सावलीत वाळवून कागदात गुंडाळतात, दोऱ्याने बांधून लाखेचं सील मारतात आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावतात. मग तो मुद्देमाल कारकुनाकडे, रजिस्टरला नोंद, तिथून पत्रासह प्रयोगशाळेकडे. ही साखळी एका जागी तुटली तर वकील तिथेच बोट ठेवतो. तुमच्या खलनायकाच्या वकिलासाठी हे सोनं आहे.

विषाचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे प्रेतातून काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून ठेवतात. त्याचा अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी चहासोबत येत नाही. कोल्हापुरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, तरी आठवडे-महिने धरा. त्या काळात तुमचा तपासी अधिकारी जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या बंदोबस्ताला असतो, हे लिहिलंत तर कुठलाही पोलीस वाचक मान डोलावेल.

आणखी एक. बुडून मेली की आधी मारून टाकली, हे बघताना हाडातल्या मज्जेत डायटम, म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शैवाल, शोधतात. पण त्याच जागचा पाण्याचा नमुना पोलिसांनी घेतला नसेल तर तुलना कशाशी करणार? मज्जेतलं शैवाल नदीच्या पाण्याशी न जुळता शेतातल्या विहिरीशी जुळलं तर तुमचं पुढचं प्रकरण तयार आहे. ही चाचणी एकटी निर्णायक मानत नाहीत, म्हणून तिच्यावर सगळा खटला टांगू नका. मृत्यूची वेळही डॉक्टर ‘रात्री ११.२०’ अशी सांगत नाहीत, काही तासांचा अंदाज देतात. पाण्यातल्या प्रेतात तो आणखी सैल.

आरोपी ठाण्यात गुन्हा कबूल करतो आणि केस संपते, असं दाखवलं तर? – जयसिंगपूर

संपत नाही. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. मात्र त्याने सांगितलं आणि उसाच्या फडातून कोयता निघाला, तर त्या शोधापुरतं त्याचं बोलणं वापरता येतं. म्हणून कबुलीपेक्षा कोयता काढण्याचा पंचनामा महत्त्वाचा, आणि कोर्टात फितूर होणारा पंच हे मराठी गुन्हेकथेत कमी वापरलेलं पात्र आहे. अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर. पोलीस कोठडी एकूण १५ दिवस. नव्या कायद्यात ती गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यांनीही मागता येते. खुनात ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर जामीन हक्काने मागता येतो.

मी पोलीस शिपाई आहे, कथा लिहिते. पुस्तक काढलं तर नोकरीवर येईल का? – नाव देऊ नये

शासकीय कर्मचाऱ्याला अधूनमधून साहित्यलेखन करायला वर्तणूक नियमांत जागा आहे, अट अशी की कामात खंड पडू नये. तरी आधी वरिष्ठांना लेखी कळवा आणि पोच घेऊन ठेवा. तोंडी ‘लिही की’ हे बदलीनंतर कुणाला आठवत नाही. सरकारवर टीका, चालू तपास, खबऱ्याची ओळख, बिनतारी संदेशाच्या पद्धती हे लिहायचं नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं गुन्हा आहे, न्याय संहिता कलम ७२. नाव बदलून गाव, शाळा आणि वर्ष तेच ठेवलं तर ओळख पटतेच. खऱ्या गुन्ह्यावरून सुचलं असेल तर किमान तीन गोष्टी बदला: ठिकाण, नातं आणि कारण.

करार वाचूनच सही करा. हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलं नसेल तर कायद्याने ते ५ वर्षांचे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. प्रकाशक मात्र ‘कायमस्वरूपी, सर्व भाषांत, सर्व माध्यमांत’ छापील फॉर्ममध्ये आधीच घालून ठेवतात. वेबमालिकेचे हक्क वेगळे काढून घ्या. पानांचा हिशेब: ६०,००० शब्द, पानाला साधारण २७५, म्हणजे २१८ पानं. छपाई १६ पानांच्या फर्म्यांत होते, तेव्हा १४ फर्मे, २२४ पानं. उरलेली पानं अर्पणपत्रिका, श्रेयनामावली वगैरेत जातात.

माझी नायिका रग्बी खेळलेली पीएसआय आहे. महाद्वार रोडवर पळणाऱ्या चेनचोराला ती रग्बीसारखा टॅकल करून पाडते. पटेल का? – शाहूपुरी

पटेल, पण तिला लागेल. मैदानावर गवत असतं, इथे डांबर आणि दुकानांच्या पायऱ्या. दात झाकलेले नाहीत, कमरेला पट्टा आहे, पायात तुकतुकीत बूट. अनुभवी खेळाडू मागून पळणाऱ्याला झेप घेऊन पाडणार नाही. दोन पावलं बाजूला घेऊन त्याला भिंतीकडे किंवा फेरीवाल्याच्या गाड्याकडे ढकलत नेईल. मैदानात साइडलाइनकडे ढकलतात तसंच. मग कमरेला विळखा, गाल मागे, आणि त्याच्या अंगावरच पडणं.

पुढचं पान विसरू नका. अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेनंतर लवकरच करावी लागते, आणि खरचटलेले गुडघे, फुटलेली कोपरं त्या कागदावर येणार. आरोपीचा वकील विचारेल: ठाण्यात मारलं का? तेव्हा पडल्याची वेळ, जागा, बघणाऱ्या दुकानदाराचं नाव आणि तिच्या स्वतःच्या खांद्याचा मार या सगळ्याची स्टेशन डायरीत नोंद हवी, आणि ती त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी नाही.